लहरी चाचण्या : दोष कोणाचा?

संगणकप्रणाली बांधणाऱ्यांच्या व्यवसायात एक वाक्य दिवसातून अनेकदा उच्चारले जाते : "परत चालवून बघ." सकाळी कोणीतरी कोडमध्ये किरकोळ बदल करतो. स्वयंचलित चाचण्या सुरू होतात आणि त्यांतील एक नापास होते. झालेल्या बदलाशी तिचा काही संबंध दिसत नाही. शेजारचा सहकारी मान वर न करता म्हणतो, "ती नेहमीचीच आहे, परत चालव." दुसऱ्या खेपेस दिवा हिरवा होतो आणि मंडळी चहाला जातात. प्रस्तुत लेख या वाक्याविषयी आहे. चाचणीतील मूळ दोषापेक्षा या वाक्याने होणारे नुकसान मोठे असते, असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही स्वतः नुकसान करून घेतल्यानंतर बनवलेले आहे.

आम्ही नाशकात बसून वेब-अ‍ॅप्लिकेशने बांधणारी मोजकी माणसे आहोत. एकदा हिरवी आणि एकदा लाल होणाऱ्या चाचण्यांना आमच्या कचेरीतही इंग्रजीतला 'फ्लेकी' हाच शब्द चालतो. मात्र त्यात पापुद्रे सुटण्याची कल्पना आहे, आणि ती मराठी कानाला काहीच सांगत नाही. आम्ही येथे त्यांना 'लहरी' म्हणणार आहोत. या शब्दात एक आरोप दडलेला आहे. लहरी माणसाच्या वागण्याला कारण नसते, असे आपण गृहीत धरतो. चाचणीच्या बाबतीत हे गृहीतक कितपत खरे आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या व्यवसायाबाहेरील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ब्राउझर म्हणजे आपण संकेतस्थळे पाहण्यासाठी वापरतो तो प्रोग्राम. काही मराठी संकेतस्थळांनी त्याला 'न्याहाळक' असा सुरेख शब्द दिला होता. ब्राउझर-चाचणी म्हणजे माणसाच्या जागी बसून हा न्याहाळक चालवणारा दुसरा प्रोग्राम. तो पान उघडतो, चौकटीत नाव लिहितो, बटण दाबतो आणि पुढे पडद्यावर काय उमटले ते अपेक्षेशी ताडून पाहतो. जुळले तर हिरवा, न जुळले तर लाल. अशा शेकडो चाचण्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालतात. काल चालत असलेली गोष्ट आज मोडली तर ग्राहकाच्या आधी आपल्याला कळावे, एवढाच त्यांचा हेतू.

या कामाचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे सेलेनियम. शिकागोतील थॉटवर्क्स कंपनीत काम करताना जेसन हगिन्स यांनी ते २००४ साली बनवले. त्या काळी चाचणीच्या बाजारात मर्क्युरी या कंपनीचे वर्चस्व होते. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानला जातो. या विनोदातून ते नाव आले. पुढे सायमन स्ट्यूअर्ट यांचा वेबड्रायव्हर त्यात विलीन झाला आणि २०११ साली सेलेनियमची दुसरी आवृत्ती आली. २०१८ साली वेबड्रायव्हरला जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. त्याच २०११ साली मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅक या कंपनीने अनेक ब्राउझरांवर अशा चाचण्या चालवून देण्याचा व्यवसाय जगभर नेला. म्हणजे साधनांची वाण नाही. तरीही लहरीपणा गेलेला नाही. गूगलसारख्या कंपनीने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्यांच्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत काही ना काही लहरीपणा होता. आधी हिरवी असलेली चाचणी लाल होण्याच्या प्रसंगांपैकी ८४ टक्के प्रसंगांत लहरी चाचणीचा संबंध होता.

यामागचे गणित शाळकरी आहे. समजा, आपल्याजवळ २०० चाचण्या आहेत आणि त्यांतील प्रत्येक दोनशे वेळांत एकदाच विनाकारण बिघडते. एकेकटी पाहिली तर प्रत्येक चाचणी साडेनव्याण्णव टक्के विश्वासार्ह आहे. परंतु सगळ्यांचा मेळ एकाच वेळी हिरवा येण्याची शक्यता उरते फक्त ३७ टक्के. शंभरांतील ६३ वेळा कुठे ना कुठे लाल दिवा लागणारच. मग माणूस लाल दिव्याकडे पाहणे सोडून देतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. सिग्नल सतत बंद असलेल्या चौकात वाहनचालक जसे वागतात तसेच हे आहे. मात्र या सवयीचे मोल कधीतरी चुकवावे लागते.

आमच्या बाबतीत ते असे चुकवावे लागले. द्राक्ष-बागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही ठेवणारे एक अ‍ॅप्लिकेशन आम्ही बांधत होतो. कोणत्या दिवशी, कोणत्या प्लॉटवर, कोणते औषध, किती प्रमाणात मारले, याची नोंद. निर्यातीच्या द्राक्षांत या वहीला मोठे वजन असते, कारण औषध मारल्यापासून माल काढेपर्यंत किती दिवस गेले आणि मात्रा किती होती, हे खरेदीदार त्यावरूनच पाहतो. आमची एक चाचणी अगदी साधी होती : फॉर्म भरायचा, 'जतन करा' हे बटण एकदा दाबायचे, आणि यादीत नेमकी एक नोंद दिसते का ते पाहायचे. ही चाचणी अधूनमधून दोन नोंदी सापडल्याची तक्रार करी. आधीच्या एखाद्या चाचणीचा उरलेला कचरा असेल, असा आमचा तर्क. आम्ही ती पुन्हा चालवायचो आणि ती हिरवी व्हायची. पुढे या कटकटीला कंटाळून, नापास झालेली चाचणी आपोआप तीनदा चालवावी आणि एकदा जरी पास झाली तरी पास धरावी, अशी सोय आम्ही करून टाकली. दिवे हिरवे झाले आणि कचेरीत शांतता नांदू लागली.

माल काढण्याच्या हंगामात एका बागायतदाराचा फोन आला. त्यांच्या प्लॉटवर एकाच दिवशी एकच औषध दोनदा मारल्याची नोंद दिसत होती. मात्रा दुप्पट दिसल्यामुळे खरेदीदाराच्या माणसाने तो प्लॉट थांबवून ठेवला होता. घड तयार, मजूर ठरलेले, आणि तोड बंद. आम्ही त्यांना विचारले, "काका, बटण चुकून दोनदा दाबलं गेलं असेल का?" पलीकडून उत्तर आले, "अहो भाऊ, मी एकदाच दाबलं. एका दिवसात दोनदा औषध मारायला मला येड लागलंय का?" आम्ही नम्रपणे हो-हो म्हटले, त्यांची जादा नोंद पुसून दिली, आणि मनातून त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. वापरणारे लोक बटणे दोनदा दाबतातच, हे आमच्या व्यवसायातील एक लाडके सत्य आहे.

काका खरे बोलत होते. तपासाअंती निघाले ते असे : सर्व्हरकडून ठरावीक वेळात उत्तर आले नाही, तर आमचे अ‍ॅप्लिकेशन तीच विनंती स्वतःहून पुन्हा पाठवत असे. रेंज कमी असलेल्या बागेतून नोंद करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून आम्हीच ते लिहिले होते. मात्र पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचून नोंद झालेली असू शकते आणि केवळ उत्तर वाटेत रखडलेले असू शकते, याचा विचार आम्ही केला नव्हता. अशा वेळी दुसरी नोंद होई. चाचण्यांचा सर्व्हर कामाच्या ओझ्याखाली मंद झाला की नेमके हेच घडे. चाचणीनेही बटण एकदाच दाबले होते आणि तिला दोन नोंदी दिसल्या होत्या. ती आम्हांला आठवडेच्या आठवडे तेच सांगत होती जे काकांनी फोनवर सांगितले. दोन्ही साक्षीदारांची साक्ष एकच होती. आम्ही दोघांनाही खोटे ठरवले. अ‍ॅप्लिकेशनमधील दोषसुद्धा 'पुन्हा करून बघ' हाच होता, आणि तो झाकणारी आमची सोयही तीच होती, हे ध्यानात आल्यावर आम्हांला काही काळ एकमेकांकडे पाहवेना.

येथे कोणी म्हणेल की हा एक अपवाद झाला. परंतु अभ्यास वेगळे सांगतो. २०१४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी अपाची संस्थेच्या ५१ प्रकल्पांतील लहरी चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या. त्यांतील सुमारे एक-चतुर्थांश दुरुस्त्यांमध्ये बदल प्रत्यक्ष प्रणालीतही करावा लागला होता, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी खराखुरा दोष निघाला होता. याचा अर्थ, लहरी ठरवलेल्या दर चार चाचण्यांमागे साधारण एक चाचणी खरे बोलत होती. तिचे म्हणणे तुटक होते, एवढाच तिचा अपराध.

राहिलेल्या तिघींचे काय? त्यांचाही लहरीपणा शोध घेतला की विरघळतो. कारणे फारशी गूढ नसतात. त्याच अभ्यासात वर्गीकरण झालेल्या कारणांपैकी सुमारे ४५ टक्के एकाच जातीची होती : एखादे काम पूर्ण होण्याची नीट वाट न पाहणे. चाचणी बटण दाबते आणि लगेच निकाल शोधू लागते; पानाला मात्र सर्व्हरकडून उत्तर यायचे असते. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे 'तीन सेकंद थांब' अशी ओळ घालणे. संगणक मोकळा असताना तीन सेकंद फार होतात आणि ओझे असताना अपुरे पडतात. मग तिनाचे पाच होतात, पाचाचे दहा. आपल्या घरातील कोणीही कुकर घड्याळ लावून उतरवत नाही, शिट्ट्या मोजून उतरवतो. चाचणीनेही शिट्टीची वाट पाहावी : 'नोंद जतन झाली' हा संदेश उमटेपर्यंत, गोल फिरणारे चिन्ह जाईपर्यंत थांबावे, आणि फार वेळ लागला तरच तक्रार करावी. मायक्रोसॉफ्टने २०२० साली खुले केलेले प्लेराइट हे साधन बटण दिसेपर्यंत आणि दाबण्याजोगे होईपर्यंत आपण होऊन थांबते, हे चांगलेच आहे. परंतु बटण केव्हा तयार झाले हे साधनाला कळते. बागायतदाराचे काम केव्हा पूर्ण झाले हे चाचणी लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते.

दुसरे कारण परस्परांवर विसंबण्याचे. पहिल्या चाचणीने निर्माण केलेला प्लॉट दुसरी वापरते. क्रम बदलला की दुसरी कोसळते. प्रत्येक चाचणीने आपला शिधा आपण आणावा आणि जाताना भांडी घासून ठेवावीत, एवढी शिस्त पुरते. तिसरे कारण घड्याळाचे. आमचे सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात, आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस असतो. 'आजची नोंद आजच्या तारखेखाली दिसावी' ही चाचणी दिवसा हिरवी आणि रात्रीच्या फेरीत लाल. आम्ही तिला 'रात्रीची लहर' म्हणत होतो. तीही खरेच सांगत होती, कारण पहाटे फवारणी उरकून पाचला नोंद करणाऱ्या माणसाची तारीख एका दिवसाने मागे जात होती.

चौथे कारण खास आपले, आणि इंग्रजी पुस्तकांत ते सापडणार नाही. 'शेतकऱ्याचे नाव' या शब्दांतील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती वेगळी अक्षरे आहेत. युनिकोडची नेहमीची समीकरणाची पद्धतही त्यांना एक करत नाही. कोणाच्या कळफलकावरून मजकूर आला यावर चाचणीचा निकाल ठरे. निकालात 'अपेक्षित : शेतकऱ्याचे, मिळाले : शेतकर्‍याचे' असे वाचून आमचा एक तरुण सहकारी अर्धा दिवस पडद्याकडे पाहत बसला होता. आणि पुन्हा तेच : ज्या कारणाने चाचणी चुकत होती, त्याच कारणाने एखाद्या खऱ्या वापरकर्त्याला शोधचौकटीत आपलेच गाव किंवा आडनाव सापडले नसते.

नाशिक जिल्ह्याला चाचणीची किंमत नव्याने सांगायला नको. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि मोठा धक्का बसला. त्यानंतर अपेडाने २००६ च्या सुमारास ग्रेपनेट ही प्रणाली उभी केली. प्लॉटच्या नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत प्रत्येक पेटीचा माग काढण्याची ही वेब-व्यवस्था. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपात सापडले आणि माल अडकला. आपल्याकडील प्रयोगशाळांनी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच. अहवाल हिरवे होते. जे तपासलेच नाही त्याविषयी ते मुके होते. हिरवा अहवाल म्हणजे निर्दोष माल नव्हे, हा धडा येथील बागायतदाराने मोठी किंमत देऊन घेतला आहे. त्याच जिल्ह्यात बसून आम्ही मात्र तीनांपैकी एक नमुना चांगला निघाला की माल पास, असा नियम आमच्या चाचण्यांना लावला होता. द्राक्षाच्या बाबतीत असा नियम कोणी सुचवला असता तर त्याला पिंपळगावच्या बाजारात तोंड दाखवता आले नसते.

या नियमाचेही गणित पाहावे. समजा, एखादा खरा दोष दहा वेळांत एकदाच प्रकट होतो. तीन प्रयत्नांपैकी एक पास झाला तरी चालेल असे म्हटले, तर तो दोष दिसण्यासाठी तिन्ही प्रयत्न नापास व्हावे लागतील. त्याची शक्यता हजारांत एक. वापरणाऱ्याला मात्र तो दोष दहांत एकदा भेटतच राहील, कारण त्याचे औषध दोनदा लिहिले गेले तर त्याला आणखी दोन संधी कोणी देत नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही जाणतो, आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. प्रत्येक लाल दिव्याचा माग काढत बसले तर काम पुढे सरकणार नाही. जाळे मध्येच तुटते, बाहेरच्या कोणाची सेवा बंद पडते, त्यात आपला दोष नसतो. लहान कचेरीत तर माणसेच अपुरी असतात. म्हणून पुन्हा चालवणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्याची नोंद न ठेवणे ही चूक आहे. दुसऱ्या खेपेस पास झालेली चाचणी हिरवी दाखवू नये. तिला तिसरा रंग द्यावा आणि आठवड्याच्या शेवटी त्या रंगाच्या चाचण्यांची यादी सर्वांसमोर वाचावी. थॉटवर्क्सच्याच मार्टिन फाउलर यांनी २०११ साली अशा चाचण्यांना विलगीकरणात ठेवण्याचा सल्ला दिला होता : इतरांना त्यांची बाधा होऊ नये म्हणून त्या बाजूला काढाव्यात, मात्र तेथे किती आणि किती दिवस ठेवायच्या याला मर्यादा असावी. आमचा अनुभव सांगतो की त्या मर्यादेवरच सर्व अवलंबून आहे. मर्यादा नसलेले विलगीकरण म्हणजे माळा. तेथे गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही.

सध्या आम्ही एवढेच पाळतो. बाजूला काढलेल्या चाचणीवर तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव असते. दोन आठवड्यांत तिचे कारण सापडले पाहिजे, अन्यथा ती पुसून टाकायची. पुसणे कठोर वाटते, परंतु जिच्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही अशी चाचणी असण्यापेक्षा नसलेली बरी. निदान त्या जागी पहारा नाही हे सर्वांना ठाऊक राहते. कारण शोधताना पहिला प्रश्न 'चाचणीत काय चुकले?' असा विचारायचा नाही. 'ती म्हणते ते खरे असेल तर कोणाचे काय बिघडेल?' असा विचारायचा. या क्रमामुळे तपासाची दिशाच बदलते. त्या दोन नोंदींचा प्रश्न शेवटी सुटला तो असा : प्रत्येक नोंदीला फॉर्म उघडतानाच एक वेगळा क्रमांक दिला, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचीच परत दाखवावी, असे केले. चाचणीतील एक ओळही बदलावी लागली नाही.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही काकांना फोन केला आणि चूक आमची होती असे सांगितले. त्यांचा माल तोवर निघून गेला होता, काही दिवस उशिराने. ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं ना." यावर आम्हांला काही बोलता आले नाही. त्या आधी कित्येक आठवडे आमची चाचणीही तेच सांगत होती. तीन खेपांची ती सोय आम्ही त्याच संध्याकाळी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा दिवे लाल होते. त्यांतील नऊंची कारणे आजवर सापडली आहेत, दोन चाचण्या पुसल्या. सापडलेल्या नऊ कारणांपैकी एकालाही 'लहर' म्हणता येणार नाही.